आंबटाचे डोहाळे

सासूने सुनेच्या भातावर अख्खं लिंबू पिळलं आणि वर दमही दिला, ताटात काही टाकायचं नाही.

आंबट खाणारीला मुलगा होतो आणि गोड खाणारीला मुलगी, हे सासूचं शास्त्र. सातवा महिना लागला तरी सुनेला आंबटाचे डोहाळे लागेनात, तेव्हा ते लावायचं काम सासूने स्वतःच अंगावर घेतलं होतं. पाऊस यावा म्हणून छत्री उघडून बसावं, तसला हा शहाणपणा.

सुनेचे दात आंबून गेले होते. शिवणाच्या कारखान्यात न्यायच्या डब्यातही सासू लोणच्याचा खार ओतायची. सुनेचा जीव अडकला होता साखरेत. नुसती, कोरडी, दाताखाली कुरकुरणारी साखर. पण पहिल्या खेपेला गोड मागितलं आणि झाली चिमी; ते ऐकवल्याशिवाय सासूचा दिवस मावळत नव्हता. या खेपेला तर साखरेचा डबा सर्वांत वरच्या फळीवर गेला होता.

नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. लिंबाने काय बिघडतंय, आईचं मन राख, असं म्हणून तो मोकळा झाला. आताही मान खाली घालून जेवत होता.

तिने घास उचलला. तेवढ्यात पाच वर्षांची चिमी तिच्या कानाशी आली. लहान पोरांची कुजबुज ती, साऱ्या घराला ऐकू गेली.

"आई, मी पोटात होते तेव्हा तू लिंबू का नाही खाल्लंस?"

"बघ," सासू म्हणाली, "पोरीला कळतं ते आईला कळत नाही."

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, स्टूल ओढलं आणि पोट सावरत वर चढली. नवरा ताटावरून उठून धावत आला, पडशील म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डबा घेऊन ती खाली उतरली. मूठभर साखर स्वतःच्या तोंडात कोंबली, चिमूटभर चिमीच्या तोंडात घातली.

"तू पोटात होतीस तेव्हा मी हेच खाल्लं," ती म्हणाली. "आवडीने खाल्लं."

सासूचा आवाज चढला. "हे कसले भिकेचे डोहाळे? अशानं परत मुलगीच होईल."

"होईल ना, आई," सून साखर चावत म्हणाली. "म्हणून तर आम्ही दोघी आत्ताच तोंड गोड करून घेतोय."