घाई असेल तर

सुनेनं ती ओळ वाचली आणि तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

दुकान तिचं होतं. दुकान म्हणजे मागच्या खोलीतलं एक टेबल, एक संगणक आणि भिंतीला टेकलेले खोके. लहान मुलांचे बूट सासरे शिवायचे आणि ती इंटरनेटवर विकायची. आता त्या दुकानाच्या पानावर, मागणीच्या बटणाच्या अगदी वर, तिला न विचारता कुणीतरी लिहून ठेवलं होतं : ‘मुलाचा पाय कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा. तो कागद पोस्टानं पाठवा. मिळाला की बूट शिवू. घाई असेल तर दुसरीकडे बघा.’

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. घरात दोघंच होती, आणि त्यातलं एक माणूस खिडकीपाशी बसून दोऱ्याला मेण लावत होतं.

दहा दिवस झाले लिहून, असं सासऱ्यांनी शांतपणे सांगून टाकलं. पासवर्ड तिच्याच वहीत होता, पहिल्याच पानावर.

मागण्या निम्म्यावर का आल्या, याचं कोडं तिला आता सुटलं. हल्लीचं गिऱ्हाईक दोन मापं एकदम मागवतं, एक ठेवतं आणि एक परत पाठवतं. मोठी दुकानं फुकट परत घेतात, म्हणून आपणही घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. तसं नवं पान आजच चढायचं होतं. नाहीतर वर्षअखेर दुकान गुंडाळून नोकरी बघावी लागेल, हे तिनं सासऱ्यांना कितीदा तरी समजावलं होतं. ते ऐकून घ्यायचे आणि परत आलेल्या बुटांचा ढीग बघत बसायचे. नवेकोरे बूट, पण कुणीतरी घालून दोन पावलं चाललेलं असायचं.

“लोकांना एक बटण जास्त दाबायचा कंटाळा येतो, बाबा,” ती म्हणाली. “आणि तुम्ही त्यांना पोस्टात पाठवताय.”

“मूल एकच असतं ना? मग दोन मापं कशाला?”

तिला राग आला होता, आणि रागावता येत नव्हतं म्हणून तो आणखी आला. ती तो मजकूर पुसायला बसली, तेवढ्यात बेल वाजली.

या घरी पत्रं येतात हे पोस्टमन पार विसरून गेला असावा. पाकिटं हातात देण्याआधी त्यानं पत्ता दोनदा वाचला. अकरा पाकिटं होती.

सासऱ्यांनी टेबलावरचा चहा बाजूला सारला आणि कागद मांडले. चौकटीच्या वहीतला एक, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवरचा एक, एक तर पिशवी फाडून केलेला. एका आईनं खाली लिहिलं होतं की आजवर सहा जोड मागवले आणि सहाही परत केले. मुलाचा डावा पाय जरा रुंद आहे, हे तिला परवा पेन्सिल फिरवताना कळलं.

सुनेनं ते पत्र पुन्हा वाचलं. ढिगातला कुठला जोड तिचा असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

“याचा जोड काही परत यायचा नाही,” सासरे म्हणाले आणि त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात नंबर घातला.

शेवटच्या कागदावर एका मुलीचं नाव होतं आणि रेघ टाचेपासून अगदी सरळ आली होती. तळव्याच्या खोलगटाशी मात्र ती थरथरून भलतीकडेच पळाली होती, आणि कागद तिथे थोडा फाटला होता.

“गुदगुल्या झाल्या हिला,” सासरे म्हणाले.

सुनेला हसू आलं. बराच वेळ तो कागद तिच्या हातातच राहिला. मग ती संगणकाकडे वळली. नवं पान तिनं बाजूला ठेवलं. ‘घाई असेल तर दुसरीकडे बघा’ एवढंच पुसलं. थोडा विचार केला, आणि पुन्हा होतं तसं लिहून टाकलं.