फ्लॉवरची रोपं

नवरा क्रेटमध्ये काय लावतोय, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला श्यामलाबाई गच्चीवर आल्या. घर शेवटच्या मजल्यावर, त्यामुळे गच्चीला एकच जिना. पण दोन्ही गुडघ्यांनी संगनमत करून त्याचे तीन केले. वर पोचल्यावर त्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत एका उलट्या क्रेटवर बसल्या आणि आधी श्वासाकडे, मग नवऱ्याकडे लक्ष दिलं.

तोंडाने शरच्चंद्र काही सांगत नव्हते. कर्वेनगरातली ही जुनी इमारत पाडून लिफ्टवाली बांधायची होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, यांची सोडून. विचारलं की म्हणायचे, "बघू." डिसेंबरअखेर घरं रिकामी करायची, मधल्या काळात भाड्याचं घरही लिफ्टचंच देतो, असं बिल्डर म्हणत होता. श्यामलाबाईंनी रस्त्यावर उतरणं केव्हाच सोडलं होतं. लिफ्ट झाली असती तर त्या पुन्हा चारचौघांत दिसल्या असत्या. तेव्हा त्यांनी आपल्यापुरता हिशेब केला होता. हा माणूस बोलणार नाही, पण दसरा झाल्यावर काहीतरी लावणारच. महिन्याभरात निघणारं लावलं, तर सही करणार.

शरच्चंद्र फ्लॉवर लावत होते. फ्लॉवरचा गड्डा हातात यायला संक्रांत उलटते.

"फ्लॉवर का?"

"फ्लॉवर."

"बरं."

हे "बरं" कसलं असतं ते शरच्चंद्रांना चांगलं ठाऊक होतं, म्हणून ते जास्तच मन लावून माती दाबू लागले.

तेवढ्यात पुष्कर आला. सोसायटीचा सेक्रेटरी, हिंजवडीची नोकरी घरून करायचा आणि उरलेल्या वेळात सह्या गोळा करायचा. त्याने रोपं पाहिली आणि हातातली सह्यांची फाइल पाठीमागे नेली.

"काका, फ्लॉवर? म्हणजे तुमचं ऑलरेडी ठरलंय."

"मी भाजी लावतोय. त्यात ठरायचं काय?"

"मग पालेभाजी लावा ना. महिन्यात खाऊन मोकळे. नव्या बिल्डिंगमध्ये बाल्कनी आहेच, तिथे परत..."

"बाल्कनी! तिच्यात माझ्या चपला मावतात का, विचार तुझ्या बिल्डरला. आणि तिथे गच्चीवर सगळं सोलर पसरणार." शरच्चंद्रांनी मूठभर माती उचलून त्याच्या नाकाशी धरली. "घे वास. रस्तोरस्तीचा पाचोळा गोळा करून केलीय ही, मी. ती कुठे ठेवू? तुझ्या क्लबहाउसात?"

पुष्करने प्रामाणिकपणे वास घेतला.

"आणि पालेभाजी घरी कशाला? ती विकत मिळते."

"मिळते तर," श्यामलाबाई म्हणाल्या. नवऱ्याशी एकमत व्हावं असा त्या सकाळी हा एकच मुद्दा होता. "सुशीलाबाईसारखी मेथी घरी थोडीच येणार? कोपऱ्यावर बसते बघ, पुष्कर. काय कोवळी आणते! अहो, पुढच्या वेळी जाल तेव्हा तिला विचारा, गुडघे कसे आहेत म्हणावं. तिचेही दुखायचे."

पुष्कर काकांकडे बघत राहिला आणि काका मातीकडे.

"काकू," शेवटी पुष्कर म्हणाला, "सुशीलाबाई वारल्या ना. मागच्या दिवाळीच्या आधीच."

श्यामलाबाई नवऱ्याकडे वळल्या.

"मग वर्षभर मी मेथी कोणाची खातेय?"

"सुनेची," शरच्चंद्र म्हणाले. "आता तीच बसते तिथे."

"परवा जेवताना मी म्हटलं, सुशीलाबाईची मेथी ती सुशीलाबाईची. तुम्ही हूं म्हणालात."

"भाजी चांगली झाली होती."

"सांगितलं नाहीत."

"मला वाटलं, तुला माहीत असेल. अख्ख्या गल्लीला माहीत होतं."

"मी गल्लीत असते का?"

हे त्या भांडणाच्या सुरात म्हणाल्या नाहीत. भांडल्या असत्या तर शरच्चंद्रांची उत्तरं तयार होती: गच्ची, माती, बिल्डरची लबाडी. सगळी पाठ होती.

पुष्करला एकाएकी मीटिंग आठवली. जाताना फाइल तो कठड्यावर ठेवून गेला, विसरल्यासारखी. पोरगा अगदीच वेडा नव्हता.

शरच्चंद्र क्रेटपाशी उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी नुकतंच लावलेलं एक रोप मुळाभोवतीच्या मातीसकट उचललं. मग त्याच्या शेजारचं. इतक्या हलक्या हाताने की एक पान वाकडं झालं नाही. सगळी रोपं घमेल्यात ओल्या फडक्यावर उभी केली, आणि घमेलं कुठे ठेवावं ते न सुचून इकडेतिकडे पाहिलं.

"मिसळणाच्या डब्यात मेथ्या आहेत का गं?"

"आहेत. लोणच्यापुरत्या ठेवा, बाकीच्या घ्या." श्यामलाबाईंनी हात पुढे केले. "ते इकडे द्या."

घमेलं त्यांच्या मांडीवर देऊन शरच्चंद्र खाली गेले. कठड्यावरची फाइल त्यांनी काखेत मारली होती. ही रोपं आता कोणाच्या अंगणात द्यायची, हा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.

टाकीची सावली सरकली होती. ऑक्टोबरचं ऊन थेट अंगावर आलं, चटका देणारं. श्यामलाबाईंनी डोक्यावरचा पदर काढला आणि दोन्ही हातांनी ताणून रोपांवर धरला.