तिसरा आग्रह

माणसं तीन. बॅगा दोन, एक सव्वीस किलोची, दुसरी चौदाची. वळकटी एक, जर्दाळूंची पिशवी एक, थर्मास एक. डिझेलचा वीस लिटरचा डबा एक. जीप जुनी होती आणि चढ खडे होते, म्हणून चोस्पेल प्रत्येक वस्तू ताणकाट्याला अडकवून पाहत होता आणि मगच आत ठेवत होता.

"डब्याला हात लावू नकोस!" कुन्झेस ड्रायव्हरच्या जागेवरून ओरडली. "मी घट्ट बांधलाय. आणि बरबटशील. चला आता, शास्त्रज्ञ!"

चोस्पेलने डब्याचं वजन मनातच धरलं. साडेसतरा किलो. त्या डब्याशिवाय जीप टांडीच्या पंपापर्यंत पोचली नसती, आणि टांडी गाठल्याशिवाय मनाली नव्हती. मनालीहून थिनलेस दिल्लीची बस धरणार होता. गुडगावच्या एका गोदामात त्याला नोकरी लागली होती. परतीच्या वाटेवर जीपमध्ये दोघंच असणार होते.

तिघंही लेहच्या एकाच गल्लीतले. चोस्पेल मात्र आठव्या वर्षी चंदीगडच्या वसतिगृहात गेला आणि एमएस्सी करूनच परतला. गेल्या हिवाळ्यात त्याने नुसत्या उन्हावर उबदार राहणारी मातीची घरं बांधायला घेतली. मातीची भिंत थिनलेससारखी कुणालाच जमत नाही. म्हणून एका संध्याकाळी त्याने विचारलं होतं, "माझ्याबरोबर काम करतोस?" थिनलेस म्हणाला होता, "नको रे." विषय तिथेच संपला. चोस्पेलला ते लागलं होतं. पण त्याने तसं दाखवलं नाही, आणि त्यानंतर थिनलेसही त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागला.

उपशी मागे पडल्यावर कुन्झेसने जर्दाळूंची पिशवी मागच्या सीटकडे केली.

"नको," थिनलेस म्हणाला.

"घे की."

"पोट भरलंय."

"घे रे, भाव खाऊ नकोस. जर्दाळू खा."

त्याने मूठ भरून घेतले. टगलांग खिंडीच्या चढावर तो कुडकुडू लागला तेव्हाही तेच झालं. कुन्झेसने तिसऱ्यांदा पुढे केल्यावर तिचं जाकीट त्याने अंगात घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

खिंडीच्या माथ्यावर तिघं उतरले. दगडांच्या राशीवर प्रत्येकाने आपला दगड ठेवला. "की की सो सो, ल्हार ग्यालो!" कुन्झेसने देवांचा जयजयकार केला. एरवी इथे थिनलेसचा आवाज समोरच्या डोंगरावरून परत यायचा. आज त्याचे नुसते ओठ हलले.

"घसा बसला का रे?"

"हवा विरळ आहे."

"अगं बाई! पर्यटक आलेत वाटतं," कुन्झेस म्हणाली. थिनलेस हसला नाही.

पांगच्या तळावर ते चहाच्या एका तंबूत शिरले. तंबूवाली म्हातारी अमा-ले लोणीचहाची किटली घेऊन आली. थिनलेसने कपावर तळहात ठेवला.

"नको, अमा-ले."

"त्याला नकोय," चोस्पेल म्हणाला.

म्हातारी किटली घेऊन तशीच उभी राहिली. "थोडासा."

"खरंच नको."

"घोटभर घे, बाळा."

थिनलेसचा तळहात बाजूला झाला. कप काठोकाठ भरला. म्हातारीने चोस्पेलकडे हनुवटी केली आणि कुन्झेसला विचारलं, "हा कुठला ग?"

"आपलाच आहे. पण वसतिगृहात वाढला. तिथे एकदा नको म्हटलं की वरणाची बादली पुढच्या ताटाकडे जाते."

म्हातारी हसली. थिनलेस कप घेऊन बाहेर गेला. चोस्पेल बसून राहिला. जर्दाळू तीनदा, तो मनात मोजत होता. जाकीट तीनदा. चहा तीनदा. मातीची भिंत एकदा.

त्याचा चहा तसाच राहिला. तो उठून बाहेर आला. थिनलेस जीपला टेकून उभा होता.

"माझ्याबरोबर काम करतोस?" चोस्पेलने विचारलं.

थिनलेस कपातल्या लोण्याच्या तवंगाकडे पाहत राहिला. "नको रे. तुझंच अजून धड बसलेलं नाही. त्यात माझं ओझं कशाला?"

"कर ना. माझ्या भिंती कलतात."

थिनलेसने चहाचा घोट घेतला. मग आणखी एक घेतला.

"किती कलतात?"

"मीटरमागे चार सेंटिमीटर."

"चार!" थिनलेस ओरडला. "अरे, घर बांधतोयस की घसरगुंडी?"

समोरच्या डोंगरावरून "घसरगुंडी" परत आली. तंबूच्या दारात कुन्झेस उभी होती. तिने काही न विचारता किल्ली काढली, जीप सुरू केली आणि तोंड लेहकडे वळवलं. खिंडीच्या माथ्यावर थिनलेस इतक्या मोठ्याने ओरडला की फोटो काढणारे चार पर्यटक दचकले.

लेहला पोचेपर्यंत ऊन डोंगरमाथ्यावर गेलं होतं. कुन्झेस चहा टाकायला घरात पळाली. थिनलेसने सव्वीस किलोची बॅग खांद्यावर घेतली आणि तोही गेला. चोस्पेल उरलेलं सामान उतरवू लागला. चौदा किलोची बॅग, वळकटी, थर्मास, रिकामी पिशवी. मागच्या कोपऱ्यात डिझेलचा डबा सकाळच्याच गाठीने बांधलेला होता. दिवसभरात त्याचं झाकण कुणी उघडलं नव्हतं.

त्याने गाठ सोडली आणि डबा ताणकाट्याला अडकवला.

एक किलो शंभर ग्रॅम.