रेशमाएवढा ठिपका
उमरेडहून आलेल्या बाबांसाठी अनुसयाने नागपूरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेचे काळे पडदे ओढले. टेबलावरच्या कॅथोड-किरण नळीच्या काचेवर हिरवा ठिपका उमटला. "इलेक्ट्रॉनचा झोत हाय, बाबा." चाळीस वर्षं हातमागावर रेशीम विणून डोळे अधू झालेले बाबा पुढे वाकले. "अजून उजेड कर ना वं." तिने बटण फिरवताच ठिपका उजळला, पण टीपकागदावरच्या शाईसारखा पसरला. "उजेड वाढवला का इलेक्ट्रॉन दाटतात, एकमेकाले ढकलतात." "मागाच्या फणीत धागे दाटल्यावर तसंच होते. मंग बारीकच ठेव, मले बारीक पाह्यचा हाय." तिने उजेड कमी केला. ठिपका सुईच्या अग्राएवढा होऊन अंधारात मंद तरंगू लागला. "दिसला वं! रेशमाचं टोकच," म्हणत बाबांनी काचेवर बोट ठेवलं. ठिपका मात्र दोन इंच डावीकडे होता. अनुसयाने हलकेच दुसरं बटण फिरवलं आणि तो बाबांच्या बोटाखाली नेला.