कोपरावरची गाठ

"उसव," लेइडाआजी म्हणाली.

वीर्वेने सुया मांडीवर आपटल्या. लाल पट्ट्यांच्या घागऱ्यावर लोकरीची टोकं सांडली. सकाळपासून ती एका जुन्या स्वेटरच्या कोपराशी झगडत होती आणि म्हातारीला त्यातला एक टाका पसंत पडेल तर शपथ.

"चांगलं तर दिसतंय."

"दिसायला फुगलेला मासाही गुबगुबीत दिसतो. हात फिरव त्यावरून."

वीर्वेने हात फिरवला. मधोमध गारगोटीसारखा घट्ट गोळा झाला होता.

"टाके एवढे आवळतेस कशाला? कुणाचा गळा दाबायचाय?"

कुणाचा ते वीर्वेला चांगलं ठाऊक होतं.

किह्नू बेटावर नवऱ्याच्या स्वेटरला लग्नाआधी आईचा हात लागतो, लग्नानंतर बायकोचा. तिसरा हात लागला की गावाला चघळायला विषय मिळतो. वसंतात वीर्वेने नवऱ्याच्या, प्रीडिकच्या निळ्या स्वेटरचं कोपर रफू केलं होतं. विणकामात तिचा हात पहिल्यापासून जड, पण तिने जीव ओतला होता. पुढे धुवायला घेतला तेव्हा पाहते तर तिचं काम उसवून तिथे दुसऱ्याच कुणाचा तरी रफू. लोकर दुकानातली. आणि टोकाला चक्क गाठ.

बेटावरची कुठलीच बाई लोकरीला गाठ मारत नाही. उरलेलं टोक ती उलट्या बाजूने टाक्यांत मुरवते. लोकरीची गाठ माणसाला समुद्रात अडकवते, हे इथे पोरींना सुई धरायच्या आधी शिकवतात. म्हणजे ही बया बाहेरची. आणि बाहेरची बाई गावात एकच होती, दुकानात नव्याने आलेली पार्नू शहरातली सिल्वी. प्रीडिकला हल्ली साधी तंबाखू आणायलाही तासभर लागायचा.

तिने त्याला विचारलं होतं. तो दारात जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"तूच केलं असशील," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या मात्र लालभडक.

अशा माणसाशी भांडून काय होणार, पालथ्या घड्यावर पाणी. वीर्वेने ते कोपर पुन्हा उसवलं, पुन्हा स्वतः रफू केलं. थोड्याच दिवसांत तिथे पुन्हा तीच गाठ. त्या दिवशी ती रडली, मग चिडली आणि मग लेइडाआजीकडे शिकायला आली. असं कोपर विणायचं की त्या भवानीला हात लावायची लाज वाटली पाहिजे. एवढं करूनही तिने उसवलंच, तर हा संसार तिलाच लखलाभ होवो. बहिणीकडे जायची बॅग वीर्वेने पलंगाखाली भरून ठेवली होती.

"लक्ष कुठे आहे?" लेइडाआजीने तिच्या हातातला स्वेटर ओढला. "भोकाखालचे मोकळे टाके आधी सुईवर घे. मग ओळीमागून ओळ विणत वर जा, कडेचा एकेक टाका सोबत घेत. कोपर वळतं तिथे टाके वाढव, वळण संपलं की कमी कर. कोपराला बाक असतो, बाई. तू सपाट फळी ठोकतेस."

"वाढवले होते मी."

"नको तिथे वाढवलेस. उसव."

वीर्वेने उसवलं. दात-ओठ खात पुन्हा टाके उचलले. एक गळला, त्याच्यामागून दुसरा गळला.

"माझं नशीबच फुटकं," आजी करवादली. "तू एक होतीस ते कमी होतं म्हणून शनिवारी आणखी एक ध्यान येतं. दर वेळी टोकाला गाठ. सांगून सांगून जीभ झिजली माझी."

वीर्वेची सुई थांबली. "कोण येतं?"

"शपथ घातलीय मला."

"बाहेरचं कुणी आहे का, आजी?"

"कॉफी पी आणि विणायला लाग."

शनिवारी संध्याकाळी प्रीडिक कपड्यांचं गाठोडं काखेत मारून भावाकडे सौनाला, वाफेच्या आंघोळीला निघाला. गेल्या शनिवारीही असाच गेला होता आणि परतला तेव्हा केस कोरडे ठणठणीत होते. पण आज तिला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. सिल्वीला आधी नीट बसू द्यावं, सुया हातात घेऊ द्याव्यात, मग रंगेहाथ धरावं, असा तिचा बेत होता.

बऱ्याच वेळाने तिने बॅग मोटरसायकलच्या साइडकारमध्ये टाकली, लेइडाआजीच्या घराच्या अलीकडेच इंजिन बंद केलं आणि सरपणाच्या ढिगाला वळसा घालून मागच्या अंगणात शिरली. काय काय ऐकवायचं ते वाटेतच ठरलं होतं. त्यातलं निम्मं तर आजीसमोर बोलण्यासारखंही नव्हतं.

खिडकी उघडी होती.

"पुन्हा गाठ?" म्हातारी आत वैतागून म्हणत होती. "अरे देवा, पुन्हा गाठ?"

वीर्वे तरातरा खिडकीशी गेली.

आत निळा स्वेटर मांडीवर घेऊन, जाडजूड बोटांत सुई कशीबशी धरून प्रीडिक बसला होता.

"जाळ्याची सवय आहे आजी, हात ऐकत नाहीत," तो खाली मान घालून म्हणाला. "पण जरा लवकर शिकव. तिचा रफू कोपर सोलून काढतो, आणि करते इतक्या मायेने की मला सांगवत नाही."