एकाच डिस्कमध्ये

“अजून दाबा,” गणपतराव म्हणाले.

सोमशेखरनं माउस सोडून डोळे चोळले. लगीनसराई ऐन भरात होती. शाहूपुरीतल्या आपल्या व्हिडिओ मिक्सिंगच्या खोलीत दुसऱ्यांच्या वराती बघून बघून तो पार आंबून गेला होता. त्यात हे पावणं. गावच्या कॅमेरावाल्यानं ह्यांच्या पोरीच्या लग्नाच्या तीन कॅसेटी भरलेल्या, आणि ह्यांना ते सगळं एकाच डिस्कमध्ये हवं.

डिस्कमध्ये मावतं तेवढंच मावतं. जास्त कोंबायचं तर चित्र दाबावं लागतं, आणि फार दाबलं की माणसांचे चौकोन होतात. सोमशेखरनं हे टीव्हीवर लावून दाखवलं. दोन डिस्क करून देतो म्हणाला. गणपतराव म्हणाले, दोन नकोत, एक हरवती. मग निदान पंगत तरी कापू? तर पंगतीलाही हात लावायचा न्हाय. कोण कोण जेवून गेलं ते हुपरीच्या व्याह्यांना दिसायला पाहिजे.

सोमशेखरनं पडद्यावरची चित्र दाबायची पट्टी आणखी खाली ओढली.

“नवरीच्या जागी मडकं दिसतंय बघा.”

“दिसू द्या की. व्याही काय पोरगी बघायला बसल्यात? ती त्यांच्याच घरात हाय.”

गणपतरावांनी ते मडकं पुढं वाकून नीट निरखलं, आता झ्याक झालं म्हणाले, आणि संध्याकाळी न्यायला येतो सांगून बाजारात गेले.

सोमशेखर मात्र खुर्चीला खिळून राहिला. डिस्क लावली की पहिलं नाव त्याच्या दुकानाचं झळकायचं. गेल्या साली अशाच एका अंधुक डिस्कपायी हुपरीची निम्मी गिऱ्हाइकं तुटली होती. आता हे मडकं तिकडं गेलं, तर उरलेलीही जाणार आणि दुकानाला कुलूप लागणार.

कंटाळा तर इतका आलेला की तसंच देऊन टाकावं. पण हात ऐकेना. त्यानं गुपचूप पंगत उडवली, आहेर उडवले, वरातीतला बँड निम्मा केला. जी जागा सुटली ती सगळी बोहल्याला दिली. मग नवरी थांबवून थांबवून पाहिली. त्याची नजर चेहऱ्यावर कधी नसायचीच, ती असायची कडांवर: हनुवटीची रेघ फाटते का, नथीचा मोती चौकोनी होतो का. मोती गोल निघाला. दिवसभरात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

संध्याकाळी गणपतरावांनी डिस्क न बघताच पिशवीत टाकली आणि एसटी गाठली.

आठवड्यानं एक हवालदारीणबाई तीच डिस्क हातात घेऊन दुकानात आल्या. पावण्यांनी तक्रार केली म्हणायची! त्यांनी विचारायच्या आधीच सोमशेखर बोलून गेला, की पंगत आपणच कापली, चित्र स्वच्छ यावं म्हणून; वाटल्यास फुकटात परत करून देतो.

“पंगत राहू दे, मालक,” बाई बाकड्यावर टेकल्या. “ही डिस्क तुमच्याकडंच झाली, एवढा जबाब द्या. गणपतराव शपथेवर सांगत होता, बोहल्यावर थोरली उभी होती म्हणून. चेहरा एवढा स्वच्छ आला म्हणून तिच्या शाळेतल्या बाईंनी वळखलं. सातवीतली धाकटी हाय.”