आवाज अडवणारं दार

बागेकडचं जुनं लाकडी दार काढून तिथे घडी होऊन सरकणारं काचेचं दार बसवायचं ठरलं, तेव्हा काकूंना वाटलं, काका आता नुसती काच निवडायलाच दोन महिने लावणार. पण दुकानदार म्हणाला, "ही डबल काच आहे. दार लावलं की आतला आवाज बाहेर जात नाही," आणि काकांचा चेहरा खुलला.

"हीच द्या!"

चाळीस वर्षं काकू स्वयंपाकघरातून हाका मारत आल्या होत्या आणि काका वाफ्यात बसून "अगं, ऐकूच आलं नाही," म्हणत आले होते.

दार बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका खुरपं घेऊन ऐसपैस बसले. हाक नाही की कटकट नाही. सहज मान वर केली, तर काचेपलीकडे काकू उभ्या. एका हातात रिकामी पिशवी, दुसऱ्या हातात सामानाची यादी, आणि चेहऱ्यावर नुसतं हसू.

काकाही हसले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. जुन्या दारातून आरपार दिसत नव्हतं, एवढी एकच गोष्ट ते दुकानात विसरले होते.